रायगड किनाऱ्यावरचे मातृस्मरण

रायगडच्या किनाऱ्यावर आईचे स्मरण ही एकट्या माणसाच्या मनावर सोडलेली गोष्ट कधीच नव्हती. उरण-करंजापासून अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन आणि पार बाणकोटच्या खाडीअलीकडच्या हरिहरेश्वरापर्यंतच्या या पट्टीत ती तिथीशी, जागेशी, पानात वाढायच्या पदार्थांशी आणि मोठ्याने उच्चारायच्या नावांशी बांधलेली होती. लेक विसरला तर भटजी आठवण देई, भटजी चुकला तर शेजारची म्हातारी हटकत असे. १ जानेवारी १९८१ पर्यंत हा कुलाबा जिल्हा होता. जिल्ह्याचे नाव बदलले, पण घराघरांतल्या या रीती त्याआधीपासून चालत आल्या आणि नंतरही चालू राहिल्या. त्यांच्या इतिहासाला आज एका आजारामुळे नवा अर्थ आला आहे. ज्या आईची आठवण ठेवायची तीच जिवंतपणी स्वतःला विसरत जाते, तेव्हा या जुन्या रीतींपैकी काय उपयोगी पडते आणि काय तोकडे ठरते, हा प्रश्न आता किनाऱ्यावरच्या बऱ्याच घरांत उभा आहे.

आईसाठी दगडी स्मारक उभे राहणे हा या प्रदेशात अपवाद. सर्वांत ठळक अपवाद पाचाडचा. रायगडावरची थंड हवा आणि वारा जिजाबाईंना मानवत नसे, म्हणून गडाच्या पायथ्याला पाचाडला त्यांच्यासाठी वाडा बांधला गेला. ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जूनला, जिजाबाईंनी पाचाडला देह ठेवला. तिथेच त्यांची समाधी आहे. ज्येष्ठ वद्य नवमी ही त्यांची तिथी. एरवी किनाऱ्यावरच्या लाखो आयांच्या वाट्याला शिळा आली नाही, आली ती फक्त तिथी.

भाद्रपदाच्या वद्य पक्षात पितर जेवायला येतात, ही समजूत सर्व जातींत आहे. कोकणात त्याला म्हाळ घालणे म्हणतात. तांदळाची खीर, वडे, अळूची भाजी, भोपळा, गवार, कारले असे पान मांडायचे, त्यातली वाडी कौलांवर किंवा अंगणात ठेवायची आणि कावळ्याची वाट पाहायची. या पंधरवड्यातली नवमी खास बायकांची. नवऱ्याच्या आधी गेलेल्या सवाष्णींसाठी ती अविधवा नवमी म्हणून पाळली जाते. त्या दिवशी एका सवाष्णीला जेवू घालतात, तिची ओटी भरतात, मेलेल्या बाईच्या आवडीचा एखादा पदार्थ आठवणीने करतात. पुष्कळ घरांत वडील हयात असेपर्यंतच ही नवमी चालते. ते गेले की आई म्हाळाच्या सर्वसाधारण पंगतीत जाते आणि तिचा स्वतंत्र दिवस संपतो.

श्राद्धाच्या संकल्पात गोत्रासह नावे घ्यावी लागतात. आई, आजी आणि पणजी अशा तीन पिढ्यांतल्या बायकांची नावे मुलाला ठाऊक असावी लागतात. लिहिता न येणाऱ्या घरांतही ती तोंडपाठ राहिली याचे श्रेय या विधीलाच द्यायला हवे. मात्र त्यात एक मोठी उणीव होती. घेतले जाणारे नाव सासरचे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले नवे नाव तेवढे पिढ्यांच्या यादीत शिरले. माहेरी ज्या नावाने तिला हाक मारली जाई ते नाव तिच्या भावंडांबरोबर संपले. पणजीचे माहेरचे नाव सांगू शकणारे घर किनाऱ्यावर आजही सहज सापडत नाही.

या स्मरणाचे मोठे क्षेत्र हरिहरेश्वर. श्रीवर्धनच्या भट घराण्याचे, म्हणजे पुढच्या पेशव्यांचे, हे कुलदैवत. डोंगराला समुद्राच्या बाजूने घालायची प्रदक्षिणा ओहोटीची वेळ पाहूनच घालावी लागते, आणि त्या वाटेवर खडकांत विष्णुपद, गायत्रीतीर्थ अशी तीर्थे आहेत. दक्षिण काशी म्हणून ख्याती असल्यामुळे लांबच्या गयेला जाणे ज्यांना परवडत नसे ते इथे पिंडदान करत. प्रत्यक्ष गयेला जाणाऱ्याला आईसाठी वेगळे सोळा पिंड द्यावे लागतात. त्यांना मातृषोडशी म्हणतात, आणि गर्भारपणापासून मूल वाढवेपर्यंत आईने सोसलेल्या एकेका कष्टासाठी त्यातला एकेक पिंड असतो. फक्त आईच्या श्राद्धासाठीचे क्षेत्र गुजरातेत सिद्धपूरला आहे, त्याला मातृगया हेच नाव आहे. शास्त्रानेही आईचे ऋण बापाच्या ऋणात मिसळून टाकले नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

तिथीचा धागा किती चिवट असतो ते रामदास बोटीच्या अपघातानंतर दिसले. १७ जुलै १९४७ रोजी गटारी अमावास्येच्या दिवशी मुंबईहून रेवसकडे निघालेली ही बोट वाटेत बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांत अलिबाग आणि आसपासच्या गावांची माणसे पुष्कळ होती. अनेकांचे देह मिळाले नाहीत, तरी तिथी मिळाली, आणि कितीतरी घरांना एकाच दिवशी पान मांडावे लागले.

पुरुषांनी म्हणायच्या मंत्रांत आईचे नाव उरले, पण तिच्या आयुष्याचा तपशील बायकांच्या गाण्यांत राहिला. पहाटे जात्यावर बसलेली बाई ओवी म्हणे, आणि त्या ओव्यांचा सर्वांत मोठा विषय माहेर आणि आई हाच असे. सह्याद्रीच्या वरच्या अंगाला मुळशी भागात गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या कामातून पुढे महाराष्ट्रभरच्या जात्यावरच्या लाखभर ओव्यांचा संग्रह उभा राहिला. आई वारल्यावर माहेर कसे परके होते, भावजयीच्या घरात लेकीचा पाय कसा अडखळतो, हे त्या गाण्यांनी जितके सांगितले तितके कोणत्याही बखरीने सांगितले नाही. गिरणी गावात आली, जाते अडगळीत गेले आणि ओवी म्हणायची वेळच उरली नाही.

आगरी-कोळी वस्त्यांत हे काम धवलारणीकडे होते. लग्नातले विधी धवले गात पार पाडणारी ही बाई. देवांना आवतण, हळद, मांडव, पाठवणी, प्रत्येकाची गाणी वेगळी आणि क्रम ठरलेला. सगळे पाठांतर तोंडी. ते आईकडून मुलीकडे किंवा सासूकडून सुनेकडे यायचे. तिच्याजवळ पोथी नव्हती, त्यामुळे तिच्या डोक्यातून जे गेले ते गावातूनच गेले. मराठी साहित्याच्या इतिहासात तेराव्या शतकातल्या महदंबेचे धवळे मानाने शिकवले जातात. त्याच नावाचा गानप्रकार जिवंत ठेवणाऱ्या पेण-अलिबागच्या निरक्षर बायकांना तेवढा मान मिळाला नाही, हे खेदाने नोंदवावे लागते.

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याची हकिकत याहून विलक्षण आहे. बेने इस्रायल या यहुदी समाजाच्या परंपरेनुसार फार प्राचीन काळी एक जहाज इथे फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि बुडालेल्यांना नवगावला पुरले. वाचलेल्यांचे ग्रंथ समुद्रात गेले. पिढ्या लोटल्या, भाषा मराठी झाली, तेल गाळण्याचा धंदा अंगवळणी पडला आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागले. हिब्रू विसरली तरी ‘शेमा’ ही एक प्रार्थना जिभेवर राहिली. पुढे डेव्हिड रहाबी नावाचा यहुदी विद्वान आला. त्याच्या काळाबद्दल दोन मते आहेत, पण त्याने घेतलेल्या परीक्षेची आठवण समाजाने जपली आहे. त्याने बायकांना निरनिराळी मासळी रांधायला दिली आणि त्यांनी खवले व पर असलेली, म्हणजे यहुदी धर्माला चालणारी, मासळी तेवढी निवडून बाकीची बाजूला सारली. त्यावरून त्याला हे लोक आपलेच असल्याची खूण पटली. म्हणजे ग्रंथ हरवल्यावर धर्म बायकांच्या हातांत राहिला, चुलीपाशी आईने मुलीला दाखवले तेवढ्यावर. अलिबागच्या इस्रायल आळीतले मागेन अबोथ हे प्रार्थनामंदिर १८४८ चे. हाईम सॅम्युअल केहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेला समाजाचा इतिहास १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला. त्यांच्या आडनावातले किहीम नवगावच्या शेजारचेच.

कोर्लईतही असेच घडले. १७४० मध्ये शेजारचे चौल पोर्तुगीजांच्या हातून गेले, पाद्री आणि सैनिक गेले, पण किल्ल्याखालच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज-मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली घरात बोलली जात राहिली. तिला ना शाळा होती, ना सरकार दरबारी जागा. आईने अंगाईत आणि रागावताना वापरली म्हणून ती टिकली. हे गाव २ नोव्हेंबरला मृतांसाठी प्रार्थना करते. मुरूड-जंजिऱ्याकडच्या मुसलमान घरांत शब-ए-बरातला कबरींवर फातेहा म्हणतात.

आईच्या स्मरणातून ग्रंथ निर्माण झाल्याचे सर्वांत मोठे उदाहरणही याच जिल्ह्यातले. विनोबा भावे ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातल्या गागोद्याला जन्मले. त्यांच्या आई रुक्मिणीबाई कर्नाटकातल्या, त्यामुळे कानडी भजने त्यांच्या तोंडी असत. लहानपण गागोद्यात काढून विनोबा वडिलांकडे बडोद्याला गेले. रुक्मिणीबाईंनी देवाला लाख तांदूळ वाहण्याचे व्रत धरले होते. त्या एकेक दाणा मोजत. वडिलांनी सुचवले की एका तोळ्यात किती दाणे येतात ते पाहून वजनाने लाख भरावेत. त्यांना यावर उत्तर सुचेना, तेव्हा मुलाने ते सांगितले: हा हिशेब नाही, दाण्यागणिक देवाची आठवण होते म्हणून मोजायचे. त्याच आईने गीता ऐकली आणि संस्कृत कळत नाही म्हणून मराठी मागितली. विनोबांनी वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली, तीही तिला जड गेली, आणि मग तूच का करत नाहीस, असे तिने मुलाला विचारले.

१९१८ मध्ये रुक्मिणीबाई वारल्या. भटजींकडून अंत्यविधी करून घेणे विनोबांना मान्य नव्हते. घरच्यांनी आग्रह धरला तेव्हा ते स्मशानात न जाता धर्मग्रंथ वाचत बसले. आईची आठवण म्हणून त्यांनी दोनच वस्तू जवळ ठेवल्या, तिचे लुगडे आणि अन्नपूर्णेची मूर्ती. लुगड्याची ते उशी करत. खादी अंगिकारल्यावर त्यांनी ते साबरमतीत सोडले, आणि मूर्ती आश्रमातल्या काशीबेन गांधींना पूजेसाठी दिली. वस्तू गेल्या, मागणी मात्र राहिली. ७ ऑक्टोबर १९३० ला वर्ध्यात त्यांनी मराठी गीता लिहायला घेतली, ६ फेब्रुवारी १९३१ ला पुरी केली आणि नाव ठेवले ‘गीताई’. बारा वर्षांपूर्वी गेलेल्या, नुकतीच अक्षरओळख झालेल्या आईला कळेल अशीच भाषा त्यांनी योजली. श्राद्ध नाकारणाऱ्या मुलाने आईचे केलेले हे स्मरण महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले. पुढच्याच काही वर्षांत नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. ती कोकणातलीच आई, पण दापोलीकडच्या पालगडची.

या सगळ्या रीती एक गोष्ट गृहीत धरतात: आई शेवटपर्यंत आई असते, आणि तिचे स्मरण मृत्यूनंतर सुरू होते. म्हातारपणी बुद्धी फिरणे लोकांना माहीत नव्हते असे नाही. साठी बुद्धी नाठी म्हणत, म्हातारचळ लागला म्हणत, कधी बाहेरचे झाले म्हणून भगताकडे नेत. आयुर्वेदाने स्मृतिभ्रंश वर्णिला होता. पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भारतात जन्मणाऱ्याचे सरासरी आयुर्मान तिशीच्या आगेमागे होते. पंचाहत्तरी गाठणारी बाई मोजकी, आणि एकत्र कुटुंबात तिच्या विसरण्यावर दहा डोळ्यांची पाखर असे. ती वाडीतून चुकली तर कोणी ना कोणी हाताला धरून परत आणून सोडी. फारच अनावर झालेल्यांसाठी सरकारी वेड्यांची इस्पितळे होती, रत्नागिरीला १८८६ पासून आणि ठाण्याला १९०१ पासून. विसरणारी म्हातारी आणि वेडा माणूस यांत तिथेही फारसा फरक केला जात नसे.

हा मेंदूचा आजार आहे हे ओळखण्याची सुरुवात जर्मनीत झाली. फ्रँकफर्टच्या इस्पितळात १९०१ मध्ये दाखल झालेल्या पन्नाशीतल्या ऑगस्ट डेटर या बाईला स्वतःचे नावही लिहिता येईना. १९०६ मध्ये ती वारल्यावर अलॉईस अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि त्याच वर्षी ट्युबिंगनच्या सभेत आपले निष्कर्ष मांडले. १९१० मध्ये क्रेपलिन या मनोविकारतज्ज्ञांनी आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले. पण पुढची साठ-पासष्ट वर्षे तो तुलनेने कमी वयातला दुर्मीळ आजार मानला गेला. वृद्धांचे विसरणे म्हणजे वयाचा धर्म, असेच डॉक्टरही म्हणत. १९७६ मध्ये मेंदूविकारतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी हे दोन्ही एकच असल्याचे ठामपणे मांडले आणि दृष्टी बदलली. भारतात या आजारासाठीची राष्ट्रीय संघटना केरळात १९९२ मध्ये स्थापन झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या शंभरांतल्या सात जणांहून थोड्या अधिकांना, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख लोकांना, डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असल्याचा अंदाज निघाला. प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आढळले. शिक्षण न मिळणे हे त्यामागचे एक मोठे कारण मानले जाते, आणि आज ऐंशीच्या घरात असलेल्या किनाऱ्यावरच्या बायकांपैकी पुष्कळ जणींना शाळा मिळाली नाही.

किनाऱ्याच्या आर्थिक इतिहासाने यात भर घातली. गिरण्या आणि गोदीच्या काळापासून इथला पुरुष मुंबईला आणि बाई गावी, अशी घडी बसली. मनीऑर्डरवर संसार चालवणारी, भातशेती आणि वाडी राखणारी, सासू-सासऱ्यांचे करणारी हीच बाई. पुढे मुलेही मुंबईला किंवा आखातात गेली. त्यामुळे आई विसरू लागली तेव्हा ती बहुधा एकटी होती, आणि महिन्या-दोन महिन्यांनी येणाऱ्या मुलाला फरक उशिरा कळला. फोनवर ती नेहमीसारखीच बोले. कळल्यावर तो तिला मुंबईच्या खोलीत घेऊन गेला. मायेपोटीच नेले, पण ओळखीची जागा सुटली की गोंधळ वाढतो, हे या आजाराचे लक्षणच आहे. विहीर, पडवी, तुळस यांच्या खुणांवर चालणारा दिवस चौथ्या मजल्यावर कशाच्या आधाराने चालणार?

अल्झायमरमध्ये नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग बहुधा सर्वांत आधी बिघडतो. म्हणून सकाळचे जेवण आठवत नाही आणि सत्तर वर्षांपूर्वीची विहीर आठवते. नातवंडांची नावे पुसली जातात, मग सुनेचे, मग मुलाचे. नवरा कधीच वारला असला तरी त्याच्या बोटीची वाट पाहिली जाते. दिवेलागणीला कासाविशी वाढते, आणि स्वतःच्याच ओटीवर बसलेली बाई ‘मला घरी जायचंय’ म्हणू लागते. ते घर माहेर असते. श्राद्धाच्या यादीने जे नाव टाकून दिले त्याच नावाने हाक मारली तर ती वळून पाहते. आजार बाईला उलट्या वाटेने नेतो आणि सासरची साठ वर्षे ओलांडून जिथे तिची आई होती तिथे पोचवतो. कुटुंबाला ते ऐकून यातना होतात, पण तिच्या आयुष्याचा जो भाग कोणी विचारला नव्हता तोही याच काळात कानी पडतो. ते टिपून ठेवणारी मुले शहाणी म्हटली पाहिजेत.

हातांची आठवण वेगळी असते. स्वयंपाक लवकर बिघडतो, कारण त्यात क्रम सांभाळावा लागतो. मीठ दोनदा पडते, गॅस चालू राहतो. पण तांदूळ निवडणे, शेंगा सोलणे, वाती वळणे ही कामे हात बराच काळ विसरत नाहीत. गाणेही उशिरा जाते. वाक्य पुरे न करू शकणारी बाई आरती किंवा ओवी पुरी म्हणते, हा जगभरच्या देखभाल करणाऱ्यांचा अनुभव आहे आणि संशोधनानेही त्याला दुजोरा दिला आहे. ग्रंथ बुडाल्यावर नवगावच्या बायकांकडे जे उरले होते तेही याच दोन प्रकारचे, हाताची सवय आणि पाठ झालेली प्रार्थना. आजाऱ्याची सेवा करणाऱ्याने औषधांइतकाच या दोन गोष्टींवर भरवसा ठेवावा, कारण झिजलेली स्मृती परत आणणारे औषध अजून नाही.

मराठीत या आजाराला कलेतून जागा मिळाली ती सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २०१३ च्या ‘अस्तु’ चित्रपटामुळे. मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृतचे विद्वान चक्रपाणी शास्त्री हत्तीमागे चालत जातात आणि माहुताच्या बायकोत आई पाहू लागतात. ही भूमिका करणाऱ्या अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आयुष्यभर कमावलेली विद्या ओसरल्यावर माणूस आईला शोधतो, हे त्यात फार ताकदीने आले आहे.

२१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन बऱ्याचदा पितृपक्षात येतो. २०२५ मध्ये तर त्याच तारखेला सर्वपित्री अमावास्या होती. किनाऱ्यावरच्या ज्या घरांत अशा आजारानंतर आई गेली आहे तिथे म्हाळाचे पान जसे मांडले जाते तसेच मांडतात, विधीत काही बदल नाही. जिवंतपणीच्या विसरण्यासाठी मात्र कोणतीही रीत पूर्वजांनी घालून दिलेली नाही. रोज आंघोळ घालणे, तोच प्रश्न विसाव्यांदा ऐकून तेच उत्तर देणे, रात्री दाराला कडी आहे ना ते पाहणे, हे बहुतेक वेळा सुनेच्या किंवा लेकीच्या अंगावर पडते. आईवडिलांच्या पालनपोषणाबद्दलचा २००७ चा कायदा अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांची जबाबदारी मुलांवर टाकतो. सेवा करणाऱ्या बाईला विश्रांती कोणी द्यायची, याची तरतूद त्यात नाही. किनाऱ्यावरच्या गावांत ती मिळते ती शेजारणीकडून, तासाभरापुरती, म्हातारीला आपल्या ओटीवर बसवून शेंगा सोलायला देऊन.